भिंगाखालचा केशरी

सय्यद हैदर रझांच्या एखाद्या ‘बिंदू’ चित्राची छापील प्रत चौकट करून तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या भिंतीवर लावलेली असेल, तर भिंग घेऊन तिच्याजवळ जा. काळ्या वर्तुळाभोवती केशरी रंग असेल, तो नीट बघा. प्रत ऑफसेटवर छापलेली असली, तर दोन पावलांवरून झळाळणारा तो केशरी भिंगाखाली नाहीसा होतो. उरतात ते पिवळे आणि राणी रंगाचे बारीक ठिपके. केशरी शाई त्या कागदाला लागलेलीच नाही. तो रंग तयार होतो आपल्या डोळ्यात!

ऑफसेटवर सहसा चारच शाया असतात: सायन नावाची निळी, मॅजेंटा म्हणजे साधारण राणी, पिवळी आणि काळी. यंत्रावर शाई पाणी घालून फिकट करता येत नाही. ती कागदाला लागते किंवा लागत नाही. मग फिकट रंग आणायचा तर ठिपका लहान करायचा आणि आजूबाजूचा पांढरा कागद मोकळा सोडायचा. चांगल्या छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या दीडशे ओळी बसतात, म्हणजे एका चौरस इंचात एकेका शाईसाठी साडेबावीस हजार जागा. चारही रंगांच्या जाळ्या एकाच दिशेने मांडल्या आणि त्या केसभर जरी सरकल्या, तरी चित्रभर नको असलेली लाटांची नक्षी उमटते. म्हणून प्रत्येक जाळी वेगळ्या कोनात तिरकी ठेवतात. भिंगाखाली ठिपक्यांची जी इवली फुलं दिसतात, ती या कोनांमुळे.

चित्र असं ठिपक्यांत फोडायचं काम आता संगणक करतो. राजा रवि वर्म्यांच्या काळी ते माणसाची नजर करत असे, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायशर हे जर्मन तंत्रज्ञ तिथे होते, नंतर तेच मालक झाले. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी काही काळ या छापखान्यात होते.

छपाई व्हायची दगडावर. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, गोंद आणि किंचित आम्ल लावून ते पक्कं करायचं, मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी तेलकट शाई धरत नाही. ती रेघेवरच बसते. तेल आणि पाण्याचं हे वैर, एवढंच सगळं तंत्र! पण एका दगडावर एकच रंग. लक्ष्मीचं एक चित्र छापायला दहाहून अधिक दगड लागू शकत, आणि प्रत्येकावर चित्र उलटं. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर ठरवायचा की गालावरच्या या सावलीत गुलाबी किती, पिवळा किती, करडा किती. मग प्रत्येकाचा वाटा वेगळ्या दगडावर हाताने ठिपके देत उतरवायचा. पूर्ण चित्र कागदावर एकत्र दिसायचं ते शेवटचा रंग चढल्यावर. जुन्या घरातली अशी तसबीर मिळाली तर तिलाही भिंग लावा. तिथले ठिपके ओळीत नसतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे जरा लांबट. त्यांत हात दिसतो.

चार शायांना सगळे रंग जमत नाहीत. झगझगीत केशरी आणि गर्द निळा हे दोन हटकून मळकट होतात, आणि रझांच्या चित्रांचा जीव तर नेमका तिथेच. म्हणून आज उत्तम प्रती इंकजेटवर काढतात. त्यात दहा-बारा शाया असू शकतात, काही यंत्रांत केशरीसुद्धा, आणि थेंब असतो काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

तरीही वासुदेव गायतोंडे छपाईत सापडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. नागपुरात जन्मलेला हा चित्रकार रंगाचे थर रुळाने आणि सुरीने चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. त्या थरांतून आत शिरून परतणारा उजेड सपाट कागदावर कसा यावा? त्यांची प्रत जरूर लावा, पण मूळ चित्र बघायची संधी चुकवू नका.

प्रत घरी आणल्यावर तिची खरी परीक्षा सुरू होते. दुकानाच्या काचेमागची जुनी पोस्टरं निळसर का होतात? साध्या छपाईतली पिवळी आणि मॅजेंटा शाई उन्हात आधी उडते, निळी आणि काळी तग धरतात. रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंटच्या शाया खूप जास्त टिकतात, पण थेट ऊन त्यांनाही नको. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. तो काचेला टेकलेला असला तर दमटपणात तिलाच चिकटतो. चित्र आणि काच यांच्यामधला पुठ्ठा, म्हणजे माउंट, नुसता शोभेचा नसतो, तो दोघांत फट राखतो. तो आम्लरहित मागून घ्या, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या लावायला सांगा, म्हणजे ओल धरणाऱ्या भिंतीला ती टेकणार नाही. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाचा मारा झेलणारी भिंत चित्रासाठी निवडूच नका.