यंत्राला शिकवणारी मुलगी

घरातली इस्त्री गरम होईनाशी झाली, मिक्सरमधून जळका वास येऊ लागला किंवा ट्यूबलाइट नुसतीच फडफडू लागली, की आपण हाक कोणाला मारतो? बहुतेक घरांत ‘अरे, जरा बघ रे’ अशीच हाक जाते. ‘अगं, बघ गं’ अशी क्वचितच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने चार वस्तू उघडून त्यातल्या दोन कायमच्या बिघडवल्या, तरी ‘आमचा इंजिनीयर होणार बघा’ असं कौतुकच होतं. मुलीने तोच उद्योग केला तर ‘शॉक बसेल, ठेव ते खाली’ असा दम मिळतो. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. माया असते, काळजी असते आणि वर्षानुवर्षांची सवय असते.

पण या सवयीची किंमत पुढे मोजावी लागते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ‘मुलींचीच बाजी’ हा मथळा आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे, की त्याचं नवलही वाटत नाही. त्याच देशात 2016 च्या सुमारास आयआयटींमध्ये शंभर विद्यार्थ्यांमागे मुली होत्या जेमतेम आठ. अखेर 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या, तेव्हा कुठे हे प्रमाण दोन-तीन वर्षांत विसाच्या घरात पोहोचलं. गणितात मुली कमी पडतात म्हणावं, तर निकाल तसं सांगत नाहीत. मग अडतं कुठे?

या प्रश्नाकडे पाहताना मला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या एका मुलीची गोष्ट फार बोलकी वाटते. तिचं नाव ब्रिटनी वेंगर.

सातवीतला गृहपाठ

ब्रिटनी सातवीत असताना शाळेत भविष्यकाळाविषयी एक प्रकल्प करायचा होता. तिने वाचायला घेतलं आणि तिची गाठ पडली ती कृत्रिम बुद्धिमत्तेशी. माणसासारखं शिकणारं यंत्र! या कल्पनेने ती इतकी भारावली, की संगणकाची भाषा शिकवणारं एक पुस्तक आणून तिने घरीच श्रीगणेशा केला. सुरुवातीला तिने फुटबॉल खेळणारा प्रोग्राम केला. म्हणजे आरंभ खेळातूनच झाला.

पुढे काही वर्षांनी तिच्या नात्यातल्या एका बहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. हा आजार घरात आला की घराचं काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. ब्रिटनीला एक गोष्ट विशेष लागली. गाठीतल्या पेशी बारीक सुईने काढून तपासण्याची एक पद्धत आहे. रुग्णाला तिचा त्रास कमी, खर्चही कमी. पण तिच्या निष्कर्षाची हवी तेवढी खात्री वाटत नसल्याने डॉक्टर बऱ्याचदा पुढच्या, अधिक त्रासदायक तपासण्यांकडे वळतात. हा निष्कर्ष अधिक भरवशाचा करायला संगणकाची मदत होईल का, असा प्रश्न या शाळकरी मुलीला पडला.

तिच्या हाती प्रयोगशाळा नव्हती, रुग्णालयही नव्हतं. पण विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वोलबर्ग यांनी तपासलेल्या सुमारे सातशे नमुन्यांच्या नोंदी 1990 च्या दशकापासून अभ्यासकांसाठी खुल्या होत्या. प्रत्येक नमुन्यातल्या पेशींची नऊ लक्षणं – आकार किती सारखा, पुंजका किती जाड, केंद्रक कसं दिसतं वगैरे – एक ते दहा अशा गुणांत नोंदलेली होती आणि ती गाठ साधी होती की कर्करोगाची, हेही शेजारी लिहिलेलं होतं. एका डॉक्टरांनी चिकाटीने केलेली आणि कुलपात न ठेवलेली ही वही कित्येक वर्षांनी एका मुलीच्या कामी आली.

आंबा पिकला कसा ओळखाल?

यंत्र शिकतं म्हणजे नेमकं काय करतं? पेटीतला कोणता हापूस आज कापायचा, हे आजी कसं ठरवते ते आठवा. ती वास घेते, रंग बघते, देठाजवळचा खळगा बघते, अंगठ्याने अलगद दाबून पाहते. यातल्या कोणत्या खुणेला किती महत्त्व द्यायचं, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो. तो तिने पुस्तकात वाचलेला नाही. आयुष्यभर आंबे कापून, कधी फसून, तो बसत गेला आहे. रंगावर भुलून कापला आणि आंबट निघाला, की पुढच्या वेळी रंगाला महत्त्व थोडं कमी आणि वासाला थोडं अधिक.

‘न्यूरल नेटवर्क’ नावाची संगणकीय रचना साधारण हेच करते. नऊ लक्षणांना ती आधी अंदाजाने महत्त्व देते, निष्कर्ष काढते आणि खऱ्या उत्तराशी ताडून पाहते. चुकलं, की महत्त्वाचे आकडे किंचित बदलते आणि पुन्हा सुरुवात करते. आजीला यासाठी साठ उन्हाळे लागले. ब्रिटनीच्या प्रोग्रामने अशा लाखो फेऱ्या केल्या. तिचे आधीचे प्रयत्न फसले होते. मग तिने स्वतः सगळी रचना लिहून काढली आणि बाजारात मिळणाऱ्या तयार प्रणालींपेक्षा ती सरस ठरली. कर्करोगाच्या शंभर नमुन्यांपैकी नव्व्याण्णव ती अचूक पकडू लागली.

आंबा आणि गाठ यांतला फरक मात्र इथेच आहे. आंबा आंबट निघाला तर फार तर कढी-आमटीत जाईल. पण कर्करोगाची गाठ ‘साधी’ म्हणून सुटली, तर एका बाईच्या उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात. उलट साध्या गाठीवर शंका घेतली गेली, तर आणखी एक तपासणी आणि काही रात्रींची झोप जाते. दोन्ही चुकाच, पण सारख्या नव्हेत. कोणती चूक परवडेल आणि कोणती मुळीच नाही, हे यंत्र आपणहून ठरवू शकत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं. ब्रिटनीने ते पुरतं ओळखलं होतं. म्हणूनच तिचा सारा भर कर्करोगाची गाठ सुटू न देण्यावर होता.

2012 च्या जुलैमध्ये गूगलच्या जागतिक विज्ञान स्पर्धेत या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सोबत 50 हजार डॉलरची शिष्यवृत्ती. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आदल्या वर्षी, म्हणजे 2011 मध्ये, याच स्पर्धेच्या तिन्ही वयोगटांत मुलीच विजयी झाल्या होत्या आणि अग्रमान भारतीय वंशाच्या श्री बोस या मुलीकडे गेला होता.

अर्थात सातशे नमुन्यांवर शिकलेला प्रोग्राम लगेच डॉक्टरांची जागा घेत नाही. अनेक रुग्णालयांतल्या, निरनिराळ्या वयांच्या स्त्रियांच्या नमुन्यांवर तो पारखावा लागतो. शाळकरी प्रयोगाला ‘कर्करोगावर विजय’ म्हणणं हा त्या मुलीवरही अन्यायच. तिचं मोठेपण वेगळं आहे. प्रश्न तिचा स्वतःचा होता आणि तो सुटेपर्यंत तिने सोडला नाही.

संगणक कोणाच्या खोलीत?

अमेरिकेत तरी मुलींना सगळं सोपं असेल, असं कोणाला वाटेल. तसं नाही. 1984 मध्ये तिथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली 37 टक्के होत्या. त्यानंतर हे प्रमाण वाढण्याऐवजी घसरत गेलं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. याच काळात घरोघरी संगणक येत होते, पण त्यांच्या जाहिराती मुलग्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असत.

कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी बोलून याचा शोध घेतला. त्यांना आढळलं, की घरातला संगणक बऱ्याचदा भावाच्या खोलीत असे. मुलं महाविद्यालयात येत ती प्रोग्रामिंगमध्ये मुरूनच. मुलींना वाटे, या साऱ्यांना उपजतच येतं, आपल्याला काही जमायचं नाही. ज्याला त्या उपजत हुशारी समजत होत्या, ती बरीचशी आधी मिळालेली संधी होती! विद्यापीठाने मग प्रवेशात आधीच्या प्रोग्रामिंगच्या अनुभवाला कमी महत्त्व दिलं, नवख्यांसाठी वेगळे आरंभीचे वर्ग काढले. 1995 मध्ये तिथल्या संगणकशास्त्राच्या प्रवेशांत मुली 7 टक्के होत्या, 2000 मध्ये 42 टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नव्हते. दार तेवढं उघडलं होतं.

दार उघडण्याची आपल्याकडची गोष्ट तर याहून हृद्य आहे. ए. ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, तेव्हा कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. 1930 च्या दशकातल्या मद्रासकडच्या अशा मुलीचं पुढचं आयुष्य कसं गेलं असतं, ते सांगायला नको. पण तिचे वडील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी मुलीसाठी शब्द टाकला आणि 1940 मध्ये ललिता तिथे विद्युत अभियांत्रिकी शिकू लागल्या. त्या उत्तीर्ण झाल्या तेव्हा प्रमाणपत्रावर ‘तो’ असंच छापलेलं होतं. ते खोडून हाताने ‘ती’ करावं लागलं. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या कामात या बाईंचा हात लागला.

यंत्र पाहतं ते आपणच दाखवलेलं

मुली यात नसल्या तर बिघडतं काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचं उत्तर जॉय बुओलाम्विनी या संशोधिकेने दिलं. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकताना तिच्या लक्षात आलं, की चेहरा ओळखणारा प्रोग्राम तिच्या सावळ्या चेहऱ्याची दखलच घेत नाही. पांढरा मुखवटा चढवला की मात्र लगेच घेतो. 2018 मध्ये तिने टिमनिट गेब्रू यांच्यासह तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जेमतेम एक टक्क्याच्या आत; सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ती 34 टक्क्यांहून अधिक निघाली. यंत्राच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्याला शिकवताना जे चेहरे दाखवले, त्यांत असे चेहरेच फार थोडे होते.

वर्ण सावळा असणं हे ज्या देशात नवल नव्हे, त्या देशाने ही गोष्ट विसरू नये. उद्या रुग्णालयात, बँकेत, नोकरीच्या अर्जात यंत्राचा शब्द चालणार असेल, तर त्याला शिकवणाऱ्यांत आपल्या मुली हव्यात. ‘हिला ते ओळखत का नाही?’ हा प्रश्न आधी तिलाच पडतो, जिला त्याची झळ लागते.

आणि आता साधनांची सबब फारशी उरलेली नाही. संगणकाच्या भाषा फुकट शिकता येतात. सीबीएसईने 2019 पासून नववीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ऐच्छिक म्हणून ठेवला आहे. 2016 मध्ये मुंबईची एक सतरा वर्षांची मुलगी बारावीचं प्रमाणपत्र हाती नसताना, केवळ संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या बळावर एमआयटीत दाखल झाली. सातवीतच तिला शाळेतून काढून घरी शिकू देण्याचा निर्णय तिच्या आईचा होता. प्रत्येकीने हाच मार्ग धरावा, असं मुळीच नाही. पण सातवीतली ब्रिटनी काय किंवा सातवीतली ही मुलगी काय, दोघींना एक गोष्ट मिळाली होती: मार्कांच्या हिशेबाबाहेरचा, चुका करायला मोकळा वेळ.

आपण मुलींना क्लास लावतो, मोबाइल घेऊन देतो, फी भरताना हात आखडत नाही. मात्र स्वयंपाकघरातली हाक, पाहुण्यांसमोरचा चहा, धाकट्याचा अभ्यास यांत तिचा हा मोकळा वेळ तेवढा अलगद कापला जातो आणि भावाचा शाबूत राहतो. घरातला संगणक आज कोणाच्या टेबलावर आहे आणि रविवारी दुपारी त्याच्यासमोर दोन तास निवांत बसायची मुभा कोणाला आहे, एवढं जरी प्रत्येक घराने पाहिलं, तरी बरंच काही बदलेल. तिने केलेला पहिला प्रोग्राम चालणार नाही, दुसराही बहुधा नाहीच. तेव्हा तिच्या शेजारी बसून ‘कुठे अडलं गं?’ एवढंच विचारावं. उत्तर आपल्याला कळलं नाही तरी चालेल; सांगता सांगता तिला ते कळतं.