सॅटेलाइटचा डबा आणि इंटरनेट फोन

२००६ साली न्यू जर्सीत आम्ही तारेचा फोन काढून इंटरनेट फोन घेतला. पैसे वाचले म्हणून खूश! पण सॅटेलाइट टीव्हीच्या रिसीव्हरला आतल्या मोडेमने कंपनीला फोन करावा लागे. तो लागेना, आणि दर बिलात पाच डॉलर जादा. कारण साधं: बँडविड्थ वाचवायला आवाज दाबला की माणसाचं बोलणं कळतं, मोडेमची किरकिर मात्र बिघडते. मग अडॅप्टरमध्ये जी.७११ कोडेक (६४ केबीपीएस) निवडला, सायलेन्स सप्रेशन बंद केलं, रिसीव्हरच्या डायल प्रीफिक्समध्ये *७० टाकून कॉल वेटिंग थांबवलं. तिसऱ्या खेपेला लागला! दरवेळी लागायचाच असं नाही, हं. टेस्ट कॉल आईच्या मालिकेच्या वेळी केला, त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच.