तलावातले सगळे रोहू सारखेच? उत्तर डीएनएमध्ये आहे

गोंदिया जिल्ह्यातल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ढीवर समाजाच्या सहकारी संस्था रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून बीज केंद्रातून आणावं लागतं.

धोका इथेच आहे. केंद्राने वर्षानुवर्षं त्याच मोजक्या नर-माद्यांपासून बीज काढलं, तर नात्यातल्या माशांचं प्रजनन होतं. पुढच्या पिढ्यांची वाढ मंदावते, रोगांशी लढण्याची ताकद घटते.

हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी शेपटीच्या पराचा छोटा तुकडा पुरतो. मासा जिवंत सोडता येतो. डीएनएत काही ठिकाणी 'सीए-सीए-सीए' अशी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. ती किती वेळा येतात, हे माशागणिक बदलतं. आकडे वेगवेगळे निघाले, तर विविधता चांगली. सगळीकडे तेच आकडे आले, तर मासे एकाच घरचे!

उपाय? वेगवेगळ्या नद्यांतले नर-मादी वापरणं. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतले रोहू एकत्र आणले. त्यातूनच १९९७ मध्ये वेगाने वाढणारा 'जयंती रोहू' मिळाला.