गॉसिप : गोतावळ्यापासून परनिंदेपर्यंत

खंडाळ्याहून कर्जतकडे बोरघाट उतरणारी आगगाडी ठाकुरवाडीला थांबते. हा थांबा प्रवाशांसाठी नाही. सदतीस फुटांमागे एक फूट अशा तीव्र उतारावर ब्रेक नीट लागतात की नाही, याची खात्री करून घेण्यासाठी तो आहे. माणसाची जीभही अशाच उतारावरून धावत असते. पण तिच्या वाटेवर ठाकुरवाडी क्वचितच लागते. ‘गॉसिप’ या इंग्रजी शब्दाचा इतिहास हेच सांगतो.

हा शब्द मुळात निंदावाचक नव्हता. जुन्या इंग्रजीतील ‘गॉडसिब’ म्हणजे देवाच्या साक्षीने जोडलेला नातलग. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जे पालकत्व पत्करीत, त्यांना हे नाव होते. पुढे जिवलग मित्रमैत्रिणींना, तसेच बाळंतिणीजवळ जमणाऱ्या स्त्रियांना ‘गॉसिप’ म्हणू लागले. त्या जमल्या की बोलणे आलेच. मग बडबड्या व्यक्तीला आणि अखेर एकोणिसाव्या शतकात त्या बोलण्यालाच हे नाव चिकटले. नात्याचा शब्द घसरत घसरत निंदेपर्यंत आला.

इंग्रजी एका शब्दात जे कोंबते, त्याच्या मराठीने पायऱ्या केल्या आहेत. गप्पांनी मन हलके होते. चकाट्या पिटण्यात वेळ जातो. कुचाळकीत दुसऱ्याची थट्टा येते, चहाडीत हेतू येतो आणि कंड्या पिकवण्यात असत्य येते. पहिली पायरी निर्दोष असते. पण त्याच बैठकीत शेवटची कधी गाठली, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही.

जैन विचारांनी हा उतार फार पूर्वी ओळखला होता. स्थानांगसूत्रात स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा अशा चार विकथा सांगितल्या आहेत. भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याची चर्चा. अठरा पापस्थानांत हिंसा आणि चोरी यांच्याच पंक्तीत अभ्याख्यान, पैशुन्य व परपरिवाद, म्हणजे खोटा आळ, चहाडी व परनिंदा, यांना बसविले आहे. बोलण्याने रक्त सांडत नाही, म्हणून ते अहिंसक ठरत नाही.

व्यापाऱ्याला हे अधिक लवकर पटावे. त्याचे भांडवल गोदामातील मालात आणि गिऱ्हाइकांकडील उधारीत गुंतलेले असते. कर्जत-खालापूरसारख्या भातशेतीच्या मुलखात ती उधारी हंगामाची वाट पाहते. समजा, घरच्या आजारपणामुळे एखादे दुकान दोन दिवस बंद राहिले. ‘शेठ अडचणीत दिसतात’ एवढे वाक्य कोणीतरी चहाच्या घोटाबरोबर सोडून देतो. तिसऱ्या दुकानापर्यंत त्याचे ‘शेठ बुडाले’ होते. सगळे धनको एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर सुस्थितीतील पेढीसुद्धा डगमगते. अफवा आधी खोटी असते. मग लोकांच्या घाईने ती खरी होते. पिढ्यांनी कमावलेली पत अशी एका आठवड्यात जाते, आणि घरातल्या मुलीच्या स्थळालाही त्याची झळ पोहोचते.

बँकव्यवसायाने हा धडा न्यायालयात गिरवला आहे. १९२४ च्या इंग्लिश निकालसंग्रहातील टूर्नियर खटला बँकिंगचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. एका शाखाव्यवस्थापकाने खातेदाराचा पत्ता विचारण्यासाठी त्याच्या मालकांना दूरध्वनी केला आणि बोलता बोलता त्याचे थकलेले कर्ज व त्याचा पैजा लावण्याचा संशय सांगून टाकला. खातेदाराची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने गुप्तता हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य ठरविले. कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती एवढेच त्याला अपवाद मानले. भारतातही १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या तेराव्या कलमात गुप्ततेचे हे बंधन आहे.

याचा अर्थ तोंडाला कुलूप लावावे असा नाही. उधार देण्यापूर्वी चौकशी करणे हा व्यवहार आहे. विचारणाऱ्याला कारण असेल, सांगणाऱ्याला प्रत्यक्ष माहिती असेल आणि जेवढे विचारले तेवढेच सांगितले, तर ती निंदा होत नाही. न विचारता, ऐकीव आणि मीठ लावून सांगितलेली तीच गोष्ट मात्र परपरिवाद ठरते.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागता येते आणि ती मिळतेही. परंतु बाजारात पसरलेले वाक्य परत गोळा करता येत नाही. म्हणून वचनगुप्तीचा अभ्यास वर्षातून एकदा नव्हे, रोज पेढीवर आणि रोज जेवणाच्या पंगतीत व्हावा. तोंडाशी आलेला शब्द क्षणभर थांबवून पाहावा : हे मला खरेच ठाऊक आहे काय? हे सांगण्याची गरज आहे काय? तो माणूस समोर असता तर मी हेच बोललो असतो काय?

घाटातल्या त्या थांब्यावर गाडीची काही मिनिटे जातात. तेवढ्यासाठी कोणताही शहाणा प्रवासी तक्रार करीत नाही.