ओव्हरक्लॉकिंग : खरा भार मदरबोर्डवरच
प्रोसेसर त्याच्या निर्धारित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्याचे यश प्रोसेसरइतकेच मदरबोर्डवर अवलंबून असते. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यास अनेकदा ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे.

आता ही मुभा मर्यादित आहे. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरसाठी ‘झेड’ मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझनसाठी सहसा ‘बी’ किंवा ‘एक्स’ मालिकेचा चालतो, ए३२० वा ए५२० चालत नाही.

मात्र चिपसेट केवळ परवानगी देतो. भार पेलतो तो प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम हा भाग. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग आणि व्होल्टेज प्रत्येकी १० टक्क्यांनी वाढवल्यास तो सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि व्हीआरएम तापतो. म्हणूनच त्यावर भक्कम हीटसिंक असलेला बोर्ड निवडावा. साध्या बोर्डवर वेगळा हीटसिंक वा पंखा बसवता येतो.

हिवाळ्यात स्थिर वाटणारा संगणक मे महिन्यात बंद पडू शकतो. व्होल्टेज टप्प्याटप्प्यानेच वाढवावे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.