पलंग आधी, रंग नंतर

सकाळी ६.४०
दुधनी स्टेशनच्या रस्त्यावरची टपरी. चहा दहा रुपये. पेंटर उभ्यानंच पितात. गावात लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. एक्सेल गाडीवर पायाशी बादली. बादलीत नऊ इंची रोलर, चार इंची ब्रश, पुट्टीच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपरचे ताव, चिंध्या. शिडी कामावरच ठेवलेली आहे.

अण्णा मूळचे बोर्ड रंगवणारे. मार्केट यार्डातल्या आडत दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे असायचे. वर मराठी अक्षरं, खाली कन्नड. फ्लेक्स आला आणि बोर्ड थांबले. मग ते घरं रंगवायला लागले. हात मात्र अक्षरांचाच राहिला. छत आणि भिंतीची कड ते टेप न लावता, नुसत्या ब्रशनं सरळ ओढतात.

बरोबर एक पोरगा आहे. अण्णांची हजेरी ८००, पोराची ५००. पण हे काम उक्तं घेतलंय. एक खोली, दहा बाय बारा. मजुरी ६,५००, माल घरमालकाचा. पाच दिवसांत उरकलं तर हजेरी सुटते. सहावा दिवस लागला तर तो अण्णांच्या खिशातून. आज चौथा दिवस.

७.१५
घर गावात आत आहे. मागची बाजू अजून माळवदाची, पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. मालक यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत. तुरीची आवक चालू आहे, त्यामुळे ते पहाटेच गेले. घरात अक्का आणि अज्जी. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचं लग्न ठरलंय, म्हणून ही खोली. नवीन सामान काही घ्यायचं नाही, हे अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मुलीकडूनही काही नको. आहे ते चांगलंय, त्यालाच रंग जुळवा.

आहे ते म्हणजे तीन वस्तू. अज्जीच्या लग्नातला सागवानी पलंग, डोक्याकडे कोरीव वेल. लोखंडी कपाट, राखाडीत हिरवट झाक असलेलं. आणि भिंतीतलं फळ्यांचं कपाट, त्याला चॉकलेटी सनमायका. पलंग दारातून निघत नाही, दार नंतर लहान केलंय. म्हणून तो खोलीच्या मधोमध ओढून जुन्या साड्यांनी झाकला आहे. लोखंडी कपाट साडीखालीच, पलंगाला टेकवून.

७.३०
घासायला सुरुवात. भिंतींवर आधी आकाशी डिस्टेंपर होता. पहिल्या दिवशी तो सगळा खरवडला. बोट फिरवलं की पावडर निघायची. असल्या भिंतीवर नवा रंग बसत नाही, पापुद्रा धरतो. मग दोन दिवस पुट्टीचे दोन हात. आज पॉलिश पेपर, आधी १८० नंबर, मग २२०. ताव चार भागांत फाडायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, गोल फिरवत घासायचं. अण्णा हातात बल्ब घेऊन तो भिंतीला आडवा धरतात. समोरून सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात उंचसखल दिसते. पोरगा तिथं खुणा करतो आणि परत घासतो. तोंडाला गमछा. तासाभरात दोघांच्या भुवया पांढऱ्या.

९.१०
भिंती ओल्या फडक्यानं पुसून प्रायमर. आज नळाला पाणी नाही. बॅरलमधलं वापरायचं, तेही मोजून. प्रायमरचा एकच हात, रोलर वर-खाली. भिंत निव्वळ पांढरी होते.

१०.२०
जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, दही. पडवीत बसून. अज्जी कन्नडमध्ये विचारतात, अण्णा कन्नडमध्ये उत्तर देतात, पोराशी मराठीत बोलतात. भाकरी संपता संपता अक्का मोबाईल पुढे करतात. मुलानं फोटो पाठवलाय. एका फ्लॅटमधली बेडरूम, भिंती फिक्या राखाडी.

“असा पाहिजे म्हणतोय.”

“तुम्हाला?”

“मला पिस्ता आवडतो. पण आता त्यांची खोली.”

अज्जींचं मत बदामी. बदामी मळत नाही.

शेड कार्ड पिशवीत आहे. अण्णा ते काढत नाहीत. हात धुतात, आत जातात आणि पलंगावरची साडी बाजूला करतात.

१०.४०
हे मी जवळून पाहिलं. अण्णांनी वहीचं कोरं पान फाडून पलंगाच्या फळीवर ठेवलं. नुसती फळी बघितली तर तपकिरी. पांढऱ्या कागदाशेजारी तीच फळी तांबूस निघाली. सागवान असं तांबडं नसतं, ते पिवळसर सोनेरी असतं. पण यावर लाखेच्या पॉलिशचे हात चढलेत आणि वर्षांनी ते गडद झालंय. तेच पान कपाटावर ठेवलं तेव्हा राखाडीतला हिरवटपणा उघडा पडला. सनमायक्यावर ठेवलं, तो काळपट तपकिरी. त्यात तांबडं फार नाही.

“पलंग तांबडा, कपाट हिरवट,” अण्णा म्हणाले. “आता यांना रंग विचारायचा. कार्डाला नाही.”

बहुतेक घरांत उलटं होतं. कार्डावरच्या बोटभर चौकोनातून रंग निवडतात, चारी भिंती रंगवतात आणि मग सामान आत आणतात. चौकोन लहान असतो, त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. खोलीत चारी भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे तोच रंग जास्त गडद वाटतो. शेवटी दोष सामानावर येतो आणि धडधाकट पलंग जुनाट दिसतो म्हणून विकला जातो. म्हणून अण्णांचा हा कागदाचा तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

११.२५
हार्डवेअरचं दुकान. एक लिटर पांढरं इमल्शन २४०. स्टेनरच्या चार बाटल्या, काळा, हिरवा, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, प्रत्येकी ४५. एकूण ४२०. दुकानात रंग मिसळायचं यंत्र आहे. पण यंत्रावर एकेका शेडचा डबा काढून बघायचा म्हटलं तर तीन डबे घ्यावे लागतील. अण्णा एका लिटरात तीन रंग करतात. दुकानदार ४२० मालकाच्या खात्यावर मांडतो. पेट्रोल अण्णांचं.

१२.१५
तीन प्लास्टिकचे डबे. पांढरा तिन्हींत सारखा. स्टेनर थेंबाथेंबानं, काडीनं ढवळत. पहिल्यात काळा, राखाडी झाला. दुसऱ्यात पिवळा ऑक्साइड आणि तांबड्याचा एक थेंब, बदामी. तिसऱ्यात हिरवा आणि पिवळा ऑक्साइड, पिस्ता. तो फार ताजा, पोपटीकडे झुकलेला निघाला. अण्णांनी त्यात काळ्याचे दोन थेंब टाकले. रंग खाली बसला.

मग ठिगळं. एकेक दीड फूट बाय दीड फूट. तिन्ही पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर, आणि तिन्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर. ठिगळांच्या मधे हातभर पांढरी जागा, नाहीतर एक रंग दुसऱ्याला बिघडवतो. दोन-दोन हात मारले. अक्का लगेच बघायला आल्या. अण्णांनी त्यांना थांबवलं. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. जेवून या.

१.३०
जेवण. पोरगा पडवीत आडवा. एक मालगाडी लांबवर वाजत गेली.

२.१५
छत. पांढरा, पहिला हात. शिडीवर अण्णा, खाली पोरगा बादली धरून. मान मागे, दंड वर. तास-सव्वा तास असं चालतं. थेंब तोंडावर पडतात. खांदा दुखतो का, विचारलं. “रात्री दुखतो,” म्हणाले आणि रोलर बुडवला.

३.४०
ठिगळं वाळली. पलंग दोघांनी ढकलत मूळ जागी नेला, डोकं भिंतीला. साडी काढली. कपाट शेजारी सरकवलं. अक्का दारात.

राखाडी ठिगळ निळं पडलं होतं. डब्यात निळ्याचा थेंब नव्हता.

“निळा दिसायलाय की,” अक्का म्हणाल्या.

“पलंग करायलाय ते.” अण्णांनी पलंगावर साडी टाकली, राखाडी परत राखाडी झाला. साडी काढली, पुन्हा निळसर.

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचं १८३९ मध्ये यावर जाडजूड पुस्तक निघालं. तो पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख होता. तिथं भिंतीवर टांगायची चित्रं विणत. काळा धागा हवा तसा काळा दिसत नाही, अशी तक्रार होती. त्यानं तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांनी तो बदलला होता. डोळा एका रंगाकडे बघतो तेव्हा शेजारच्या रंगात त्याची उलटी छटा भरतो. तांबूस लाकूड म्हणूनच राखाडीला गार आणि निळसर करतं. सोलापूरच्या चादरीत काठाला कोणता रंग द्यायचा हे ठरवणाऱ्या कारागिराला हे सांगावं लागत नाही. अण्णांनाही सांगावं लागलं नाही. बोर्डाच्या पिवळ्या जमिनीवर कोणतं अक्षर उठतं आणि कोणतं बुडतं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

बदामीशेजारी पलंग बुडाला. भिंत, लाकूड, सनमायका सगळं एकाच तपकिरीत गेलं. वेल दिसेना. पिस्त्याशेजारी मात्र वेलीची पानं सुटी दिसली. हिरव्यानं लाकडाचा तांबूसपणा वर काढला, आणि कपाटाचा हिरवटपणा भिंतीच्या नात्यात गेला. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आवडीचा म्हणून तर म्हणत नाही ना तुम्ही?”

“तुमचा पिस्ता वेगळा होता. यात काळा आहे.”

४.३०
फोटो पुण्याला. मुलाचं उत्तर, राखाडी चांगला दिसतोय. मोबाईलच्या फोटोत राखाडी खरंच चांगला आला होता. कॅमेरा निळा मारून टाकतो. अण्णा फोटोवर भरवसा ठेवत नाहीत. अक्कांनी मग होणाऱ्या सुनेलाच फोन लावला. ती गुलबर्ग्याकडची. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पलंग कसलाय? पलंगाचा फोटो पाठवा.” फोन स्पीकरवर होता. अण्णा शिडीवरून खाली उतरले.

“तिला म्हणावं, बरोबर विचारलंस.”

५.२५
खिडकी पश्चिमेची. ऊन तिरपं होऊन समोरच्या भिंतीवर आलं. आता राखाडी बरा दिसायला लागला आणि बदामी गाजरी झाला. पिस्ता थोडा पिवळा पडला, पण राहिला. अण्णा तिन्ही ठिगळांपुढून खोलीत येरझारा घालतात, दारातून बघतात, पलंगाच्या कडेवर बसून बघतात. झोपणारा माणूस भिंत कुठून बघणार, तिथून. मजुरीच्या हिशोबात या वेळाचा कुठं उल्लेख नाही. पोरगा दरम्यान छताचा दुसरा हात उरकतो.

६.४५
दिवेलागण. खोलीत ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब. ट्यूबखाली राखाडी पुन्हा निळा, दुपारपेक्षा जास्त. पिस्ता किंचित गार. अण्णांनी सकाळचा आडवा धरायचा पिवळा बल्ब लावून दाखवला, पिस्ता उबेला आला. ट्यूब बदला असं ते म्हणाले नाहीत, पलंगाजवळ एक पिवळा बल्ब घ्या म्हणाले. अक्कांनी कपाटातून ठेवणीतली सोलापुरी चादर काढून पलंगावर पसरली. मरून, कडेला निळी. हिरव्या ठिगळापुढे मरून उठला. अज्जी आत आल्या, पलंगाच्या वेलीवरची धूळ पदरानं पुसली आणि बदामीचं नाव काढलं नाही. सुनेचा निरोप आला होता, पलंग सुंदर आहे, पिस्ता चालेल.

आता अण्णांनी शेड कार्ड काढलं. ठिगळाला लावून एकेक चौकोन सरकवला. जो जुळला त्याच्या एक पायरी फिका निवडला, कारण चारी भिंती रंगल्यावर तो गडद होणार. हातानं मिसळून खोली रंगवायची नाही. डबा अर्ध्यावर संपला तर तोच रंग परत जमत नाही, भिंतीवर पट्टा दिसतो. यंत्राचा नंबर लिहून ठेवला की वर्षानंही तोच मिळतो. दारं-खिडक्या सोडून भिंती चारशे चौरस फुटांच्या आसपास. दोन हातांना तीन लिटर लागेल. चार लिटरचा डबा सांगायचा, उरलेला ठिगळं मारायला घरात राहू दे.

७.३५
मालक यार्डातून आले. अंगावर तुरीचा फोल. वहीतला ४२० चा आकडा वाचला.

“हे कशाचं?”

“बघायच्या रंगाचं,” अक्का म्हणाल्या. “द्या.”

मालकांनी कालपर्यंतच्या कामाचे तीन हजार दिले. अण्णांनी त्यातले ५०० पोराच्या हातात ठेवले आणि वहीत शेडचा नंबर दोनदा लिहिला, एक पान फाडून अक्कांना दिलं. दुकान आठपर्यंत उघडं असतं. डबा रात्रीच यंत्रावर लावून ठेवायचा, म्हणजे उद्या सातला पहिला हात सुरू होईल आणि काम पाचव्या दिवशी बसेल.

गाडी सुरू करता करता त्यांनी मालकांना हाक मारली. “बॅरल भरून ठेवा. पाणी संपलंय.”