एक लिटरच पाणी का? जलसंजीवनीमागील मोलचे गणित

ओआरएस अर्थात जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे, अशी सूचना त्यावर छापलेली असते. पाणी कमी घेतल्यास द्रावण अधिक गुणकारी होते, असा समज मात्र धोकादायक आहे. रसायनशास्त्रातील एका साध्या गुणाकाराने हे स्पष्ट होते.

डझन म्हणजे जसे बारा नग, तसे मोल हे पदार्थातील कण मोजण्याचे एकक आहे. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. ग्लुकोजच्या एका मोलचे वस्तुमान सुमारे १८० ग्रॅम असते. एक लिटर द्रावणात किती मोल पदार्थ विरघळला आहे, ते त्याची संहती दर्शवते. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

मोल = संहती (मोल प्रति लिटर) × आकारमान (लिटर)

आकारमान मिलिलिटरमध्ये दिले असल्यास त्याला प्रथम १००० ने भागणे आवश्यक असते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार, एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. १३.५ ला १८० ने भागल्यास ०.०७५ मोल, म्हणजेच ७५ मिलिमोल हे उत्तर मिळते. सोडियमचे प्रमाणही प्रति लिटर ७५ मिलिमोल इतकेच आहे. ग्लुकोजच्या साहाय्याने आतड्यात सोडियम शोषले जाते आणि त्यापाठोपाठ पाणीही शरीरात जाते.

योग्य रीतीने तयार केलेल्या द्रावणाचा २०० मिलिलिटरचा एक पेला रुग्णाने घेतला, तर ७५ × ०.२ म्हणजे १५ मिलिमोल सोडियम त्याच्या पोटात जाते. मात्र, संपूर्ण पाकीट त्याच एका पेल्यात विरघळवले, तर पाकिटातील ७५ मिलिमोल सोडियम ०.२ लिटरमध्ये सामावते आणि संहती प्रति लिटर ३७५ मिलिमोल, म्हणजे पाचपट होते. रक्तातील सोडियमची पातळी सर्वसाधारणपणे प्रति लिटर १३५ ते १४५ मिलिमोल असते. अशा तीव्र द्रावणामुळे शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाऊन अतिसार बळावू शकतो. तसेच रक्तातील सोडियम वाढून, विशेषतः बालकांच्या जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. याउलट, पाणी जास्त झाल्यास क्षारांची झीज पुरेशी भरून निघत नाही.

मीठ, ग्लुकोज आणि पाणी यांच्या अचूक प्रमाणाचे सामर्थ्य १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत दिसून आले. तेथे पटकीच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे द्रावण देण्याची पद्धत अवलंबली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीची लहान पाकिटेही मिळतात. त्यामुळे द्रावण तयार करण्यापूर्वी पाकिटावरील पाण्याचे प्रमाण वाचणे आणि तेवढेच पाणी मोजून घेणे अत्यावश्यक आहे.